सेशन जंपवर संपवा: ट्रॅव्हलर चालवणाऱ्या एका रेफरीच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण चार खेळाडूंसाठी ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळ-प्रवासाचा रोल-प्लेइंग खेळ रेफरी म्हणून, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारा गेम मास्टर म्हणून, चालवता; खेळाडू एका जहाजावरची पात्रे होतात आणि निकाल फाशांवर ठरतात. दोघे पुण्यात, एक नाशिकला आणि एक जर्मनीत असल्यामुळे खेळ दर पंधरवड्याला ऑनलाइन होतो. दोन सेशनच्या मधल्या काळात ग्रुपवर भरपूर चर्चा होते, बेतही ठरतो, आणि तरीही सेशन सुरू झाले की पहिला तास-दीड तास ‘जायचे कुठे’ याच वादात जातो. एक खेळाडू खेळाच्या पुस्तकांत छापलेल्या विश्वातली माहिती काढून आपले वर्णन खोडून काढतो, दुसरा प्रवासाची गणिते मांडत बसतो, उरलेल्या दोघांना व्यापाराचा हिशेब नकोसा झाला आहे आणि त्यांतली एक जण चर्चेत काहीच लिहीत नाही. ही मधली चर्चा बंदच करावी का, असे आपण विचारता.

बंद करू नये. चार नोकरदार माणसे खेळ नसलेल्या दिवशीही खेळाबद्दल बोलतात, ही कोणत्याही गेम मास्टरला हेवा वाटावा अशी स्थिती आहे. अडचण एवढीच आहे की या चर्चेला शेवट नाही, म्हणजे ठरलेली गोष्ट ठरली असे मानण्याचा क्षण कुठेच येत नाही. इतर खेळांत तो क्षण रेफरीला बाहेरून आणावा लागतो. ट्रॅव्हलरमध्ये मात्र १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉपने मार्क मिलर यांचे नियम पहिल्यांदा छापले तेव्हापासून तो नियमांतच बसलेला आहे. जंप ड्राइव्ह, म्हणजे जहाजाला एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी (जंप) मारायला लावणारे इंजिन, एका उडीत एक ते सहा पार्सेक (ताऱ्यांमधले अंतर मोजण्याचे एकक) अंतर कापते, परंतु अंतर कितीही असले तरी वेळ साधारण एक आठवडाच लागतो. त्या आठवड्यात जहाजाला ना कुणाशी संपर्क साधता येतो, ना मार्ग बदलता येतो, ना मागे फिरता येते. प्रकाशापेक्षा वेगवान रेडिओ या विश्वात नाही, त्यामुळे बातमीसुद्धा जहाजावर बसूनच प्रवास करते. बहुतेक रेफरी हा नियम वातावरणनिर्मितीपुरता वापरतात. मी तो सेशनचे वेळापत्रक म्हणून वापरते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की प्रत्येक सेशन जहाज जंपमध्ये शिरण्याच्या क्षणी संपवावे. आपल्याकडे बहुधा ते नव्या ग्रहावर उतरताना किंवा एखाद्या प्रसंगाच्या ऐन टोकावर संपते. टोकावर थांबल्याने उत्सुकता टिकते हे खरे, परंतु पंधरा दिवस खेळाडूंपुढे सगळे पर्याय उघडे राहतात, प्रत्येक जण आपापला बेत पक्का करतो आणि पुढच्या सेशनला चार पक्के बेत एकमेकांवर आदळतात. जंपवर थांबलात तर मधले पंधरा दिवस म्हणजे जहाजातला तो आठवडा होतो. त्या काळात गंतव्य हा चर्चेचा विषयच उरत नाही, कारण ते आता कुणाच्याच हातात नसते. पोहोचल्यावर काय करायचे, कुणी कुणाशी बोलायचे, बिघडलेला सेन्सर कोण दुरुस्त करणार, मागच्या बंदरातल्या त्या दलालावर विश्वास ठेवला हे बरोबर झाले का, हे सगळे जहाजात बसून बोलण्यासारखे आहे आणि तेच बोलले जाते. आपला फायदा वेगळाच: पुढच्या सेशनसाठी आपल्याला एकच जग तयार करायचे असते.

यासाठी सेशनचा शेवटचा अर्धा तास निर्णयासाठी राखून ठेवावा लागतो आणि तो पाळावा लागतो. तो पुरतो का? पुरतो, कारण पर्याय वाटतात तितके नसतात. आपल्या खेळाडूंचे जहाज २०० टनी फ्री ट्रेडर, म्हणजे छोटे व्यापारी जहाज, आहे, म्हणजे त्याची झेप एका पार्सेकची. नकाशा षटकोनी घरांचा असतो, एक घर म्हणजे एक पार्सेक; षटकोनाला सहाच शेजारी असतात, आणि नियमांप्रमाणे नकाशा फाशांवर तयार केला तर साधारण निम्म्याच षटकोनांत जग निघते. म्हणजे ‘जायचे कुठे’ या प्रश्नाची सरासरी तीनच उत्तरे आहेत. दोन पार्सेक झेपेचे स्काउट जहाज असते तर हाच आकडा नवाच्या घरात गेला असता आणि मी आपल्याला हा सल्ला इतक्या निर्धास्तपणे दिला नसता. तिन्ही जगांचे सांकेतिक वर्णन अर्ध्या तासाच्या सुरुवातीलाच सर्वांपुढे ठेवा. त्या एका ओळीत स्टारपोर्टचा (अंतराळ-बंदराचा) दर्जा, ग्रहाचा आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञानाची पातळी एवढे सगळे असते, आणि ते वाचता येणे हा या खेळातला एक खास आनंद आहे. स्टारपोर्ट ‘सी’ दर्जाचा असेल तर शुद्ध इंधन मिळणार नाही. कायद्याची पातळी ९ असेल तर घराबाहेर कोणतेही शस्त्र बाळगता येणार नाही. खेळाडूंना अशा दोन गोष्टी दिसल्या की निर्णय आपोआप धारदार होतो.

आता हिशेबाच्या कंटाळ्याकडे येते. हा कंटाळा खरा आहे, परंतु व्यापार काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण या जहाजाचे अर्थकारणच कथेचे इंजिन आहे. जुन्या ‘क्लासिक’ नियमांतले आकडे घेऊ. नव्या आवृत्त्यांत ते बदलले आहेत, पण ताण तोच आहे. फ्री ट्रेडरची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट (खेळातले चलन). वीस टक्के रक्कम आधी भरायची आणि नंतर दरमहा किमतीचा २४०वा हिस्सा, म्हणजे १,५४,५०० क्रेडिट, सलग ४८० महिने. चाळीस वर्षांचे कर्ज! मालासाठी जागा ८२ टन, भाडे टनाला १,००० क्रेडिट, आणि एक आठवडा जंप व एक आठवडा बंदर असे धरले तर महिन्याला दोन फेऱ्या होतात. दोन्ही फेऱ्या गच्च भरून केल्या तरी मालभाडे १,६४,००० मिळते आणि हप्ता भरल्यावर हातात ९,५०० उरतात. एका जंपला २० टन इंधन लागते, आणि शुद्ध इंधनाचा भाव टनाला ५०० असल्यामुळे पहिल्याच जंपला १०,००० जातात. पायलट, इंजिनिअर, स्ट्यूअर्ड (प्रवाशांची व्यवस्था पाहणारा) आणि मेडिक (जहाजाचा वैद्य) यांचे मिळून १५,००० क्रेडिट पगार, श्वसनव्यवस्थेचा आणि बंदराचा खर्च, वार्षिक देखभाल हे तर अजून धरलेलेच नाही.

म्हणजे नुसता माल वाहून हे जहाज जगू शकत नाही. त्याला एक तर प्रवासी घ्यावे लागतात, नाही तर स्वतःच्या भांडवलावर माल घेऊन विकण्याचा सट्टा खेळावा लागतो, किंवा ज्या कामाबद्दल फार प्रश्न विचारायचे नसतात असे काम पत्करावे लागते. तिन्ही वाटांनी जहाजात अनोळखी माणसे आणि अनोळखी पेट्या येतात, आणि आपल्याला कथेसाठी याहून अधिक काही लागत नाही. तेव्हा हिशेब ठेवा, पण सेशनमधून बाहेर काढा. गणिताची हौस असलेल्या आपल्या खेळाडूकडे एक तक्ता सोपवा. त्याने तो मधल्या काळात भरावा आणि सेशनच्या सुरुवातीला फक्त एक वाक्य सांगावे: हप्त्याला किती दिवस उरले आणि किती रक्कम कमी पडते. बाकी दोघांना तेवढेच हवे असते, आणि तेवढ्याने त्यांचे डोळे नक्कीच उघडतील.

न लिहिणाऱ्या खेळाडूविषयी आपण काळजीने लिहिले आहे. तिला ‘तू पण बोल ना’ असे सर्वांसमोर म्हणू नका. ग्रुपवरची खुली चर्चा ज्याला भरभर लिहिता येते त्याच्या बाजूने झुकते, हा माणसांचा दोष नसून त्या प्रकाराचा स्वभाव आहे. त्यावर जहाजातली कामे हा फार चांगला तोडगा आहे. आपल्या पत्रावरून ती जहाजाची स्ट्यूअर्ड आहे असे दिसते. फ्री ट्रेडरमध्ये दहा खोल्या असतात. चार कर्मचाऱ्यांच्या सोडल्या तर सहा उरतात, आणि उच्च दर्जाच्या प्रवासाचे भाडे १०,००० असल्याने एका फेरीला ६०,००० म्हणजे महिन्याला १,२०,००० क्रेडिट त्या सहा खोल्यांवर अवलंबून आहेत. सेशन संपण्याच्या सुमारास तिला एकटीला नऊ प्रवाशांची यादी पाठवा, प्रत्येकाबद्दल दोन ओळी, आणि सहा निवडायला सांगा. एक वृद्ध सरदार ज्याला आपले नाव प्रवासी-यादीत नको आहे, एक जोडपे ज्याचे सामान गरजेपेक्षा फार कमी आहे, एक सरकारी भूवैज्ञानिक जी तिकिटाची घासाघीस करत नाही. निवड तिची, कारणे तिची, आणि इतरांना ती कळतील पुढच्या सेशनमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती. तिने ग्रुपवर एक शब्दही लिहिला नाही तरी पुढच्या सेशनची अर्धी कथा तिच्या हातून लिहिली गेलेली असेल. असाच एकेक निर्णय इतरांकडेही जावा: ५०० क्रेडिटचे शुद्ध इंधन घ्यायचे की १०० चे अशुद्ध घेऊन मिसजंपचा, म्हणजे उडी चुकून भलतीकडे पोहोचण्याचा, धोका पत्करायचा, हे इंजिनिअरने ठरवायचे, त्यावर मतदान नको. सर्वांनी मिळून घ्यायचा निर्णय एकच, गंतव्याचा.

एका बाबतीत मात्र सर्वांनी एकत्र, आणि तेही पात्राच्या नव्हे तर स्वतःच्या तोंडाने, बोलणे आवश्यक आहे. ती बाब म्हणजे लो बर्थ, प्रवाशांना शीतनिद्रेत नेणाऱ्या पेट्या. आपण लिहिता की आता खेळाडू पैसे कमी पडतात म्हणून शीतनिद्रेतले प्रवासी घेण्याचा विचार करत आहेत. जहाजात अशा २० पेट्या आहेत, तिकीट १,००० क्रेडिट, म्हणजे फेरीला २०,००० ची भर. जुन्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रवाशाला जागे करताना दोन फाशांवर ५ किंवा अधिक पडावे लागतात; न पडल्यास तो मरतो. म्हणजे सहांत एक मृत्यू. मेडिकचे कौशल्य २ किंवा वरचे असेल तर एकाची भर मिळते आणि प्रमाण बारांत एकावर येते. वीस पेट्या भरल्या तर कुशल मेडिक नसताना दर फेरीला सरासरी तीन-चार माणसे मरणार, असताना एक-दोन. जुन्या नियमांत तर यावर लॉटरीही आहे: प्रत्येक तिकिटातले १० क्रेडिट एकत्र करायचे, किती जण जिवंत उठतील याचा प्रत्येक प्रवाशाने अंदाज सांगायचा, आणि जिंकणारा स्वतःच उठला नाही तर रक्कम कॅप्टनची. १९७७ च्या विनोदबुद्धीचा हा नमुना मला आवडतो. सर्वांना आवडेलच असे नाही.

तेव्हा फासे हातात घेण्यापूर्वी विचारा: आपल्याला असा खेळ खेळायचा आहे का? काही गटांना हीच कठोरता हवी असते. गरीब माणसे स्वस्त तिकिटासाठी जीव पणाला लावतात आणि त्यावर आपला हप्ता भरला जातो, हे त्यांना खेळून पाहायचे असते. काहींना दिवसभराच्या कामानंतर ते नको असते, आणि ते नको म्हणणे पूर्ण रास्त आहे. नको असेल तर धोका मृत्यूऐवजी आजारपणाचा करा, आणि तसे आधीच जाहीर करा. पहिला प्रवासी दगावल्यानंतर नियम बदलणे सर्वांत वाईट, कारण मग तो बदल त्या मेडिक खेळाडूवर केलेली मेहेरबानी वाटते.

प्रकाशित विश्वाचा जाणकार आपल्याला बोचतो आहे हे पत्रातून कळते. त्याला शत्रू मानू नका. मूळ तीन नियम-पुस्तिकांमध्ये तयार विश्व नव्हतेच; जगे रेफरीने फाशांवर निर्माण करायची असा त्यांचा रोख होता, तिसरे इंपीरियम हे साम्राज्य आणि स्पिनवर्ड मार्चेस हा त्याचा सीमाप्रदेश हे सगळे नंतर वाढत गेले. त्यामुळे छापील मजकुरापासून दूर जाण्याचा अधिकार आपल्याला आहेच. परंतु अधिकार कसा वापरावा यात फरक करा. भूगोल, म्हणजे कोणते जग कुठे आहे, स्टारपोर्ट कसा आहे, जहाजे किती झेपावतात, हे शक्यतो छापल्याप्रमाणे ठेवा, आणि बदलले असेल तर खेळाडूंना आधी सांगा, कारण त्यावर त्यांचे नियोजन उभे असते. राजकारण आणि माणसे यांच्या बाबतीत मात्र त्याचे ज्ञान जहाजाच्या संगणकातल्या ग्रंथालयाचे ज्ञान समजा. ते खरे असेल, पण केव्हाचे? इंपीरियमची टपाल-जहाजे चार पार्सेकची झेप घेतात, म्हणजे शंभर पार्सेकवरची बातमी कुठेही न अडकता आली तरी तिला पंचवीस आठवडे लागतात. ‘ग्रंथालयाप्रमाणे इथला सरदार अमुक आहे’ असे त्याने सेशनमध्ये पात्राच्या तोंडून सांगावे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याने क्षणभर गप्प राहावे. त्याचे वाचन वाया जात नाही आणि आपली कथाही अडत नाही. ही युक्ती दर वेळी वापरू नका. तीनदा माहिती जुनी निघाली की तो वाचणेच सोडून देईल, आणि मग गटातला सर्वांत मन लावून तयारी करणारा खेळाडू आपण गमावलेला असेल.

गणिते मांडणाऱ्याविषयी माझे मत आणखी अनुकूल आहे. त्याने आपल्याला दाखवून दिलेली चूक, की त्या लाल ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर जंपमधून निघाल्यावर सहा तासांत पोहोचता येणार नाही, बरोबर आहे. जंपमधून बाहेर पडताना कोणत्याही मोठ्या पिंडापासून त्याच्या व्यासाच्या शंभर पट दूर असावे लागते. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा व्यास सुमारे १२,८०० किलोमीटर, म्हणजे मर्यादा १२ लाख ८० हजार किलोमीटरवर. निम्मे अंतर वेग वाढवत आणि निम्मे तो कमी करत एक जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या) प्रवेगाने गेले तर सव्वासहा तास लागतात. आपला आकडा इथून आला. पण हाच नियम ताऱ्यालाही लागू आहे. सूर्याची मर्यादा सुमारे १३ कोटी ९० लाख किलोमीटरवर येते आणि पृथ्वी १५ कोटींच्या आसपास असल्याने जेमतेम तिच्या बाहेर राहते. लाल बटू तारा लहान असला तरी त्याचा राहण्याजोगा ग्रह त्याला फार चिकटून असतो. ताऱ्याचा व्यास ४ लाख २० हजार किलोमीटर आणि ग्रह दीड कोटी किलोमीटरवर धरला, तर मर्यादा ४ कोटी २० लाखांवर, आणि मधले २ कोटी ७० लाख किलोमीटर कापायला एक जी प्रवेगाने जवळजवळ २९ तास जातात. या २९ तासांत जहाज सर्वांना दिसते, पळून जाऊ शकत नाही, आणि चाच्यांनाही हे गणित येते. त्या खेळाडूचे आभार मानून हे २९ तास पुढच्या सेशनमध्ये वापरा. आणि त्याला एक विनंती करा की अशा शंका त्याने मधल्या काळात काढाव्यात, चालू प्रसंगात नव्हे. प्रसंग चालू असताना रेफरीचा आकडा अंतिम.

राहिला प्रश्न आपण स्वतः त्या चर्चेत किती लिहावे याचा. पात्रांना जे दिसू शकते, आठवू शकते किंवा जहाजाच्या संगणकातून मिळू शकते ते विचारल्यावर लगेच आणि संपूर्ण सांगा. ‘हा बेत यशस्वी होईल का’ याचे उत्तर कधीही देऊ नका, पण अवघडपणा सांगा. दोन फाशांवर ८ किंवा अधिक हवे असतील तर नुसत्या फाशांवर ३६ पैकी १५ शक्यता अनुकूल असतात. कौशल्य १ असेल तर २१, कौशल्य २ असेल तर २६. नव्या नियमांत मुळीच कौशल्य नसणाऱ्याला तीनाची वजावट असते, आणि मग ३६ पैकी तीनच उरतात. खेळाडूंना हे आकडे माहीत असले की ‘मला वाटते जमेल’ आणि ‘मला नाही वाटत’ हा शंभर संदेशांचा वाद दहा संदेशांत मिटतो आणि बेत बदलून अनुकूलता कशी वाढवायची याकडे बोलणे वळते. लपवायचे असेल ते अपयशाच्या परिणामाचे स्वरूप लपवा, आणि तेही पात्रांना कळणे खरोखर अशक्य असेल तेव्हाच.

सध्या आपले जहाज बंदरात उभे आहे आणि चार बेत तयार आहेत, म्हणजे पुढच्या सेशनला संक्रमणाचा त्रास होईल. त्यासाठी सेशनपूर्वी दोन दिवस तिन्ही शेजारी जगांची सांकेतिक वर्णने आणि हप्त्याची तारीख ग्रुपवर टाका, सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात गंतव्य ठरवायचे असे सांगा, आणि ठरले नाही तर बंदराचे भाडे व एक दिवस वजा करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्या दिवशी शेवटी जहाज जंपमध्ये शिरले की लगेच थांबा, घड्याळात वीस मिनिटे उरली असली तरीही, आणि स्ट्यूअर्डला पाठवायची प्रवाशांची यादी त्याआधी तयार ठेवा.